शेतावर नेट न्यायचंय? आधी बँड समजून घ्या, मग डिश चढवा

गावठाणात फायबर आलंय, घरात शंभर-दोनशे एमबीपीएस आरामात मिळतंय आणि मळ्यात, फक्त तीन किलोमीटरवर, मोबाईलला रेंजची एकच काडी. मग कुणीतरी सांगतं की अरे दोन डिश टाक की, वायरलेस लिंक होते. होते, खरंच होते, आणि नीट टाकली तर वर्षानुवर्षं चालते. पण होतं काय, ऑनलाइन जो स्वस्त दिसेल तो रेडिओ (म्हणजे डिशला जोडलेलं वायरलेस यंत्र) मागवायचा, गच्चीवर तारेने बांधायचा, उन्हाळाभर झकास चालतं आणि आषाढ लागला की बोंब सुरू, पावसाने लिंक जातेय म्हणून. पावसाने जात नाही हो. म्हणजे काही बँडमध्ये (बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठराविक पट्टा) खरोखर पावसानेच जाते, पण तुमच्या बँडमध्ये नाही, तुमच्याकडे कारण दुसरं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की काय विकत घ्यायचं, कुठे लावायचं आणि बिघडलं तर कुठे बघायचं सगळंच सोपं होतं, म्हणून आधी बँडचं बोलू आणि मग खांब, डिश, केबलकडे येऊ.

मायक्रोवेव्ह म्हटलं की आपल्याला ओव्हन आठवतो. ओव्हन साधारण २४५० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे घरातल्या जुन्या २.४ वाल्या वायफायच्या अगदी मांडीला मांडी लावून, म्हणूनच ओव्हन चालू केला की काही घरांत वायफाय गचके खातं. बाकी मायक्रोवेव्ह म्हणजे ढोबळमानाने १ गिगाहर्ट्झच्या वरच्या रेडिओ लहरी (पुस्तकात ३०० मेगाहर्ट्झपासून ३०० गिगाहर्ट्झपर्यंत धरतात). लहर किती लांब हे काढायचं गणित पाठच करून ठेवा, ३० ला गिगाहर्ट्झने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये. २.४ ला साडेबारा सेंटिमीटर, ५.८ ला सव्वापाच सेंटिमीटरच्या जरा आत, १२ ला अडीच, आणि ८० ला चार मिलिमीटरपेक्षाही कमी. पावसाचा थेंब किती मोठा असतो? काही मिलिमीटर. लहर जसजशी थेंबाच्या मापाजवळ येते तसतसा थेंब तिला जास्त खातो आणि इकडेतिकडे उधळतो. पावसाची सगळी भानगड एवढ्यातच आली.

आता ती अक्षरं. एल, एस, सी, एक्स, केयू, के, केए ही नावं दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांनी गुप्ततेसाठी ठेवलेली, त्यामुळे त्यात कसलाही क्रम शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. १ ते २ गिगाहर्ट्झ एल बँड, ह्यात जीपीएस (१५७५.४२ मेगाहर्ट्झ), आपल्या नाविकचा (भारताची जीपीएससारखी यंत्रणा) एक सिग्नल आणि ४जी चा १८०० वाला बँड. जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ज्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश उभ्या आहेत त्यांचा वरचा पल्लाही इथेच येऊन थांबतो, आकाशातल्या हायड्रोजनचा १४२० मेगाहर्ट्झचा सिग्नल त्यांना ह्याच बँडात ऐकायचा असतो. २ ते ४ एस बँड, इथे २.४ वालं वायफाय, ब्लूटूथ, ४जी चा २३०० आणि ५जी चा मुख्य ३.३ ते ३.६७ चा पट्टा. ४ ते ८ सी बँड, ह्यात तुमचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय येतं, म्हणजे आपली लिंक इथलीच. ८ ते १२ एक्स, हा बहुतेक लष्कर आणि रडारचा, आपल्याला घेणंदेणं नाही. १२ ते १८ केयू, १८ ते २७ के, २७ ते ४० केए, आणि त्याच्या वर ई बँड, म्हणजे ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६.

एक घोळ आधीच सांगून ठेवतो. सॅटेलाइट टीव्हीवाले ज्याला सी बँड म्हणतात तो प्रत्यक्षात ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे निम्म्याहून जास्त पुस्तकातल्या एस बँडमध्ये येतो, आणि डिश टीव्हीची केयू बँड पावणेअकरापासूनच सुरू होते. त्यामुळे कुणाशी बोलताना अक्षर नको, आकडा विचारा. दुकानदार नुसतं सी बँड म्हणाला तर त्यातनं काहीच कळत नाही.

मोबाईल टॉवरवर ढोलासारखे पांढरे गोल दिसतात ना, ते बॅकहॉल, म्हणजे टॉवरवरचा सगळा डेटा पुढच्या टॉवरला किंवा फायबरपर्यंत पोचवणारी मायक्रोवेव्ह लिंक. आपल्याकडे लांबच्या अंतराला ६ आणि ७ गिगाहर्ट्झ, शहराजवळ १३, १५, १८, २१ वापरतात. जितकं अंतर कमी तितका वरचा बँड, कारण वर जागा मोकळी आणि स्पीड जास्त, पण पाऊस आडवा येतो. हे सगळे लायसन्सवाले बँड आहेत, आपण त्यात हात घालायचा नाही. आणि हे सगळं काही हल्लीचं नाही बरं का, जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात मिलिमीटर लहरींचं प्रात्यक्षिक करून दाखवलेलं, ६० गिगाहर्ट्झपर्यंतची उपकरणं त्यांनी हाताने बनवली होती. त्या माणसाला आज नुसता एक ई बँडचा रेडिओ हातात द्यायला हवा होता.

पावसाचा हिशोब

ताशी १०० मिलिमीटर म्हणजे अक्षरशः ढगफुटीसारखा पाऊस धरा, वायपर फुल स्पीडला असूनही समोरचं दिसत नाही असा. अशा पावसात एका किलोमीटरमागे सिग्नल किती घटतो, तर ४ गिगाहर्ट्झला पाव डीबीसुद्धा नाही. ५.८ ला एक डीबीच्या आसपास. १२ ला साडेपाच डीबी. १८ ला दहा. ३० ला जवळजवळ एकोणीस. आणि ८० ला तीसच्या आसपास. डीबी ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी, दर ३ डीबीला पॉवर निम्मी होते आणि दर १० डीबीला दहावा हिस्सा राहतो. म्हणजे ३० डीबी गेले तर हजारावा हिस्सा उरला, बघा.

आता डिश टीव्हीचं कोडं आपोआप सुटतं. सॅटेलाइट ३६ हजार किलोमीटरवर, पण त्यातला पावसाचा पट्टा शेवटचे काही किलोमीटरच. त्यातले दोन-तीन किलोमीटर जरी जोरदार पावसातनं जायचं म्हटलं तरी १२ गिगाहर्ट्झला दहा-पंधरा डीबी गेले, आणि घरच्या त्या दोन फुटी डिशला तेवढी शिल्लकच नसते. म्हणून मॅच रंगात आली की नेमकं स्क्रीनवर सिग्नल उपलब्ध नाही. त्याच वेळी गावातल्या केबलवाल्याच्या छपरावरची ती भलीमोठी जाळीची डिश ४ गिगाहर्ट्झवर असते म्हणून तिला पावसाचं सोयरसुतक नाही. आर्वीला १९७१ मध्ये जे विक्रम भू-उपग्रह केंद्र सुरू झालं तेही ६ आणि ४ गिगाहर्ट्झच्या जोडीवर, जुन्नर-मावळच्या पट्ट्यातला पाऊस ज्याने बघितलाय त्याला हे वेगळं समजावायला नको. (हल्ली केबलवाल्यांना त्रास आहे तो ५जी चा, ३.६७ पर्यंत मोबाईल आणि ३.७ पासून सॅटेलाइट, मध्ये जेमतेम फट, त्यामुळे टॉवर जवळ असला तर एलएनबीच्या (डिशच्या तोंडाशी बसवलेल्या रिसीव्हरच्या) आधी फिल्टर बसवावाच लागतो.)

तर मुद्दा काय, तुमची लिंक ५.८ ला आणि अंतर ३ किलोमीटर असेल तर ढगफुटीतसुद्धा ३ डीबी जातील. नीट बसवलेल्या लिंकला हे कळतही नाही. तरीही पावसाळ्यात पडत असेल तर कारण पाऊस नाही, पावसाने भिजलेलं काहीतरी आहे. शोधायचं काय ते शेवटी सांगतो.

२.४ की ५.८?

इथे लोक हमखास फसतात. सगळ्यांनी ऐकलेलं असतं की फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितकी रेंज कमी, त्यामुळे लांब न्यायचंय ना मग २.४ घे. घरातल्या भिंतींसाठी हे बरोबर आहे. समोरासमोर डिशच्या लिंकला हे लागू नाही, आणि का नाही ते आकड्यात बघा.

मोकळ्या हवेतली घट काढायचं सूत्र असं, ९२.४५ अधिक २० गुणिले अंतराचा लॉग अधिक २० गुणिले फ्रिक्वेन्सीचा लॉग, अंतर किलोमीटरमध्ये आणि फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झमध्ये. ३ किलोमीटरला २.४ वर १०९.६ डीबी येतात आणि ५.८ वर ११७.३. म्हणजे ५.८ ला साडेसात डीबीच्या वर जास्त घट, लोक म्हणतात ते खरंच निघालं. पण थांबा. तीच ४० सेंटिमीटरची डिश २.४ ला साधारण १७ डीबीआय गेन (झोत एकवटल्यामुळे मिळणारी वाढ, डीबीमध्येच) देते आणि ५.८ ला २४ च्या पुढे, कारण डिश लहरीच्या मापात जितकी मोठी तितका तिचा झोत अरुंद आणि जोरदार. म्हणजे हवेत जेवढं गमावलं तेवढंच समोरच्या डिशने परत मिळवून दिलं, हिशोब बरोबर सुटला. आणि पाठवणाऱ्या बाजूला तर कायद्याने मर्यादा आहे, रेडिओ अधिक डिश मिळून ३६ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डीबी), म्हणजे ४ वॅट, २.४ लाही तेवढीच आणि ५.८ च्या पट्ट्यातही तेवढीच. मग दोन्ही बरोबरीत आले तर ५.८ का? कारण झोत अरुंद (२.४ ला बावीस अंशांचा पसरट, ५.८ ला नऊ अंशांच्या आसपास), त्यामुळे शेजारच्यांचा गोंगाट कमी येतो, आणि मुळात २.४ मध्ये जागाच नाही, ८३.५ मेगाहर्ट्झचा सगळा पट्टा आणि त्यात अख्ख्या गावाचे राउटर, ब्लूटूथ, सीसीटीव्ही सगळे कोंबलेले. ५ च्या बाजूला ५.१५ ते ५.३५ आणि ५.४७ ते ५.८७५ एवढा मोकळा माळ आहे.

२.४ कधी घ्यायचं, तर अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल आणि मध्ये थोडी झाडं टाळताच येत नसतील तर. तेवढंच.

६० गिगाहर्ट्झचे रेडिओ ऑनलाइन दिसतात, गिगाबिट स्पीड वगैरे लिहिलेलं असतं. ६० ला हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरमागे पंधरा डीबी खातो, पाऊस अजून वेगळा. समोरच्या बिल्डिंगला ठीक, शेतासाठी विषय बंद. शिवाय आपल्याकडे त्या बँडला परवानगी काय आहे हे दूरसंचार विभागाच्या साइटवर बघितल्याशिवाय पैसे घालवू नका.

कायद्याचं थोडक्यात

वर सांगितलेले २.४ आणि ५ चे पट्टे आपल्याकडे लायसन्सशिवाय वापरता येतात, ५ च्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ च्या अधिसूचनेने मोकळा झालाय. पण मोकळा म्हणजे तुमच्या मालकीचा नाही. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याने दिला तर तक्रार करायची सोय नाही, ह्या बोलीवर मिळालेलं आहे ते. रेडिओला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) मान्यता, म्हणजे ईटीए, असलेलाच घ्या आणि सेटिंगमध्ये देश भारत ठेवा, जास्त पॉवर मिळावी म्हणून दुसरा देश निवडणारे हुशार लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका. आणि तुमच्या घरातनं तुमच्याच मळ्यावर नेणं वेगळं, शेजारच्या चार वस्त्यांना महिन्याचे पैसे घेऊन नेट वाटणं वेगळं, त्याला इंटरनेट पुरवठादाराचं लायसन्स लागतं.

आता लाईन ऑफ साईट

विकत काहीही घ्यायच्या आधी हे करा. गुगल अर्थवर घराची गच्ची ते मळ्यातलं घर अशी रेघ मारा आणि उंचीचा आलेख काढा. मध्ये टेकडी असेल तर तिथेच कळतं. पण त्यात झाडं आणि इमारती नीट दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण घेऊन गच्चीवर जा, समोरच्याला आरसा घेऊन उभं करा, उन्हात आरसा चमकवला की तीन-चार किलोमीटरवर लख्ख दिसतो.

दिसलं म्हणजे झालं असं मात्र नाही, आणि हीच गोष्ट निम्म्या लिंका मारते. रेडिओला नुसती रेघ पुरत नाही, रेघेभोवती जागा लागते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. आकार पखवाजासारखा, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला. मध्यभागी तो किती फुगतो हे काढायचं, ८.६६ गुणिले वर्गमूळ (अंतर भागिले फ्रिक्वेन्सी), उत्तर मीटरमध्ये. ३ किलोमीटर आणि ५.८ ला येतात सव्वासहा मीटर, त्यातली निदान ६० टक्के जागा मोकळी पाहिजे, म्हणजे रेघेच्या खाली पावणेचार मीटर. २.४ ला हेच पावणेसहा-सहा मीटरवर जातं, ५.८ घ्यायचं अजून एक कारण. पृथ्वीच्या गोलाईचं टेन्शन ह्या अंतराला घेऊ नका, ५ किलोमीटरलासुद्धा मध्ये फूट-सव्वा फुटाचाच फरक पडतो.

आता हे शेतात आणून बघा. मार्चमध्ये तुम्ही लिंक टाकली, मधलं रान रिकामं, रेघ जमिनीपासून सहा मीटर वर, काही प्रॉब्लेम नाही. मग मधल्या शेतकऱ्याने ऊस लावला. ऊस वाढून तीन-साडेतीन मीटर झाला की मोकळी जागा उरली अडीच मीटर, आणि पाहिजे होते पावणेचार. सिग्नल हळूहळू, आठवड्याआठवड्याने खाली येतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि पावसात ओला झालेला ऊस तर पाण्याची भिंतच. तोड झाली की लिंक परत ठणठणीत! सागाचं तसंच, होळीच्या सुमारास सागाला पान नसतं, आरपार सगळं दिसतं, आणि पावसाळ्यात तोच साग परातीएवढी पानं घेऊन उभा. एकच गच्च झाड ५.८ ला दहा-वीस डीबी सहज खातं, भिजलेलं असेल तर अजून. म्हणून सर्व्हे करताना आज काय आहे ते बघू नका, श्रावणात तिथे काय असेल ते बघा, आणि मधल्या शेताच्या मालकाला विचारून घ्या की बाबा पुढे काय लावणार आहेस. उंची कमी पडत असेल तर पाण्याची टाकी, देवळाशेजारचं सभागृह, सोसायटीचं गोडाऊन अशी एखादी उंच जागा परवानगी घेऊन मिळते का बघा, वीस फुटी खांब उभारण्यापेक्षा स्वस्त पडतं.

किती सिग्नल यायला पाहिजे?

हा आकडा आधी काढून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर डिश लावल्यावर जे येईल ते चांगलंच वाटतं. पाठवणारा ३६ डीबीएम, वाटेत ११७.३ गेले, घेणाऱ्या डिशचे (वरच्या २४ मधला थोडा हातचा राखून) २३ मिळाले. ३६ वजा ११७.३ अधिक २३, उणे ५८ डीबीएम. हे म्हणजे एका वॅटचा जवळजवळ अब्जावा हिस्सा, पण रेडिओला ते भरपूर असतं. ४० मेगाहर्ट्झचा चॅनल घेतला तर रेडिओच्या आतला गोंगाट उणे ९२ च्या आसपास, म्हणजे मध्ये ३४ डीबीचं अंतर, उत्तम. पाऊस, वारा, धूळ मिळून दहा डीबी गेले तरी लिंक पडत नाही, फक्त स्पीड एक-दोन पायऱ्या उतरतो.

चॅनल किती रुंद ठेवायचा? बॉक्सवर ८० मेगाहर्ट्झचा आकडा छापलेला असतो म्हणून लोक ८० लावतात. रुंदी दुप्पट केली की गोंगाट ३ डीबी वाढतो आणि दुसऱ्याच्या चॅनलवर पाय पडायची शक्यताही वाढते. माझं मत स्पष्ट आहे, गावात ४० लावा आणि विसरून जा. टू बाय टू वाल्या (एका वेळी दोन प्रवाह पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) रेडिओला ४० वर ४०० एमबीपीएसचा लिंक रेट दिसतो, हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं, कारण जाणं आणि येणं एकाच चॅनलवर आळीपाळीने चालतं. तुमचं फायबरच शंभर-दोनशेचं आहे, अजून काय पाहिजे?

फ्रिक्वेन्सी निवडताना ५.७२५ च्या वरचा भाग बघा. ५.२५ ते ५.३५ आणि ५.४७ ते ५.७२५ मध्ये रडार असतात, हवामानाचे विशेषतः ५.६ च्या आसपास, आणि तिथे रेडिओला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडून पळतो, परत सुरू होताना मिनिटभर नुसता ऐकत बसतो. लिंक अधूनमधून आपोआप मिनिटभर बंद होऊन परत येते अशी तक्रार असेल तर हेच असतं.  म्हणून आधी रेडिओमधला स्पेक्ट्रम स्कॅन दोन्ही टोकांना चालवा, संध्याकाळी आठ-नऊला, जेव्हा सगळे घरी असतात, आणि दोन्हीकडे शांत असेल तो चॅनल घ्या. एकाच टोकाला बघून निवडायचा नाही, कारण गोंगाट ऐकणाऱ्याला त्रास देतो, बोलणाऱ्याला नाही.

चढवणं आणि जुळवणं

सगळं आधी घरात टेबलावर जोडून घ्या. एका रेडिओला अ‍ॅक्सेस पॉइंट, दुसऱ्याला स्टेशन, दोन्ही ब्रिज मोडमध्ये (म्हणजे मध्ये नुसती तार असल्यासारखे), वेगवेगळे आयपी, पासवर्ड, अंतराची सेटिंग ३ किलोमीटर (किंवा ऑटो), फर्मवेअर अपडेट. टेबलावर पॉवर एकदम कमी ठेवा, जवळून फुल पॉवर मारली तर समोरचा रेडिओ बहिरा होतो. खांबावर चढून लॅपटॉप उघडायची वेळ आली म्हणजे टेबलावरचं काम अर्धवट राहिलंय.

खांब दीड-दोन इंची जीआय पाइप, हाताने हलवून हलायला नको. नऊ अंशांचा झोत म्हणजे ३ किलोमीटरवर मध्यापासून दोन्ही बाजूंना सव्वादोनशे-अडीचशे मीटर, त्यामुळे चुकण्याएवढा बारीक नाही पण वाऱ्याने डिश चार-पाच अंश फिरली की पॉवर निम्मी. मोबाईलचा कंपास लोखंडी पाइपजवळ खोटं बोलतो, पाइपपासून दूर उभं राहून दिशा घ्या आणि समोरची एखादी खूण धरा.

जुळवताना एक बाजू घट्ट, दुसरीच फक्त हलवायची. आधी डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन सेकंद थांबून आकडा बघायचा, सगळ्यात चांगला मिळाला की तिथे आवळायचं, मग वर-खाली. मग दुसऱ्या टोकाला तेच. आणि इथे तो कागदावरचा आकडा कामाला येतो. डिशला मुख्य झोताच्या आजूबाजूला छोटे फसवे झोत असतात, त्यावरही सिग्नल वाढून परत कमी होताना दिसतो, माणूस खूश होऊन नट आवळतो, पण तो मुख्य झोतापेक्षा वीसेक डीबी खाली असतो. गणित उणे ५८ सांगतंय आणि तुम्हाला उणे ७८ मिळालं तर लिंक चालतेय म्हणून खाली उतरू नका, अजून फिरवा. तीन-चार डीबीचा फरक चालतो. दोन चेन, म्हणजे आडवी आणि उभी, वेगवेगळ्या दिसतात, त्यांच्यात तीनपेक्षा जास्त डीबीचा फरक असेल तर एकतर डिश तिरकी बसलीय किंवा मध्ये काहीतरी आडवं आहे.

केबल, वीज आणि पाणी

केबल बाहेरची, काळ्या आवरणाची, शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात स्वस्तात मिळते ती सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, टेबलावर मस्त चालते आणि साठ मीटरवर २४ व्होल्टचे रेडिओपर्यंत पोचेस्तोवर कमी पडतात, मग रेडिओ रात्री-बेरात्री रिस्टार्ट होतो आणि दोष जातो कंपनीला. रेडिओत शिरायच्या आधी केबलला खाली एक वाक द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही. झाकण नीट बसलंय ना दोनदा बघा.

खांबाला अर्थिंग द्या, शिल्डेड केबल वापरा, आणि केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं यंत्र) लावून तोही अर्थिंगला जोडा. जवळपास वीज पडली की जळतो तो बहुतेक वेळा इथरनेटचा पोर्ट, रेडिओ दिसायला अगदी नवा कोरा. अंगावर थेट पडली तर मग काही खरं नाही, पण ते क्वचित.

मळ्यातल्या लाईटचं तर विचारूच नका, शेतीपंपाची वीज आठ तास आणि तीही पाळीने. रेडिओ आणि छोटा राउटर मिळून दहा-पंधरा वॅट, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ३६० वॅट-तास. शंभर-दीडशे वॅटचं पॅनल, १२ व्होल्टची साठ-सत्तर एएचची बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर, एवढ्यात भागतं, पण पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले तर पुरत नाही, तेव्हा लाईट असेल त्या वेळात चार्ज होईल असा चार्जरही जोडून ठेवा.

पावसात पडली तर कुठे बघायचं

आधी रेडिओच्या पानावर सिग्नलचा आकडा बघा, बसवला त्या दिवशीच्या आकड्याशी ताडून. म्हणून त्या दिवशीचा स्क्रीनशॉट ठेवलेला असलाच पाहिजे. आकडा तोच आहे आणि तरी नेट नाही, तर लिंकचा काही दोष नाही, फायबर गेलंय किंवा राउटर. आकडा पाऊस पडताना दहा-वीस डीबी खाली येतो आणि थांबल्यावर तासा-दोन तासांनी सावकाश वर येतो, म्हणजे भिजलेली पानं किंवा ऊस, वाळले की ठीक होतात. आकडा खाली आला आणि चार दिवस ऊन पडूनही वर आला नाही, तर पाणी आत शिरलंय, खास करून एकाच चेनचा आकडा पडला असेल तर नक्कीच. वाऱ्याबरोबर वर-खाली नाचत असेल तर क्लॅम्पचा नट. रेडिओच बंद-चालू होत असेल तर केबल किंवा पॉवर. आणि पाऊस थांबताक्षणी, मिनिटाभरात, आकडा परत जागेवर येत असेल तर तेवढं एक खरं पावसाचं लक्षण, पण ५.८ ला ३ किलोमीटरवर त्याने तीनच्या वर डीबी जायला नकोत. जात असतील तर मुळात शिल्लकच कमी ठेवलेली आहे, मग डिश मोठी करा नाहीतर चॅनल ४० वरून २० वर आणा, तेवढ्यानेच तीन डीबी पदरात पडतात आणि त्यासाठी खांबावर चढावंही लागत नाही.